सरकारी आकडे आणि खरेदीदाराचा दबाव : मा जुन यांचा प्रदूषणाचा नकाशा कसा काम करतो

नोव्हेंबर २००५ मध्ये चीनच्या ईशान्येकडील हार्बिन या महानगराच्या प्रशासनाने सूचना काढली की, जलवाहिन्यांच्या देखभालीसाठी शहराचा पाणीपुरवठा चार दिवस बंद राहील. ऐन गोठवणाऱ्या थंडीत दुरुस्तीसाठी सगळ्या शहराचे पाणी एकदम तोडले जाईल, यावर नागरिकांचा विश्वास बसला नाही. दुकानांतल्या पाण्याच्या बाटल्या संपल्या, भूकंप होणार असल्याच्या वावड्या उठल्या आणि प्रशासनाला लगोलग खरे कारण सांगावे लागले. १३ नोव्हेंबर रोजी नदीच्या वरच्या अंगाला, जिलिन शहरातील एका पेट्रोरसायन कारखान्यात स्फोट झाला होता, आणि बेंझीन व तत्सम रसायने मिळून सुमारे १०० टन विष सोंगहुआ नदीत उतरले होते. तो तवंग आता हार्बिनच्या दिशेने वाहत येत होता.

या घटनेत दोन निरनिराळे दोष आहेत. एक दोष कारखान्याच्या सुरक्षिततेचा, आणि दुसरा माहितीचा. कारण ज्यांच्या नळाला ते पाणी येणार होते त्यांनाच ही बातमी सर्वांत शेवटी कळली. पहिल्या दोषाबद्दल पुढे २००७ साली संबंधित कंपनीला १० लाख युआन दंड झाला, कारण त्या वेळच्या कायद्यात त्याहून मोठ्या दंडाची तरतूदच नव्हती. दुसऱ्या दोषावर ज्यांनी आयुष्यातली पुढची वर्षे खर्ची घातली, ते बीजिंगचे मा जुन. त्यांच्या कामाची पद्धत समजून घेणे आपल्यालाही उपयोगाचे आहे, कारण त्यांच्या कामाचा भर नमुने तपासण्यावर किंवा कारखान्यांवर खटले भरण्यावर नव्हता, तरी कारखान्यांना त्यांच्यापुढे उत्तर द्यावे लागले.

मा जुन यांचा जन्म १९६८ सालचा. १९९० च्या दशकात ते हाँगकाँगच्या 'साउथ चायना मॉर्निंग पोस्ट' या इंग्रजी दैनिकाच्या बीजिंग कार्यालयात पत्रकार होते आणि कामानिमित्त देशभर हिंडत होते. पिवळी नदी १९९७ साली २२६ दिवस समुद्रापर्यंत पोहोचलीच नाही. पुढच्याच वर्षी यांगत्सेला विनाशकारी पूर आला. या साऱ्याचा शोध घेताना चीनच्या पाणीसंकटावर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९९९ साली प्रसिद्ध झाले आणि गाजले. पुस्तक वाचून लोक विचारू लागले की, उपाय काय? मा जुन यांनी शोधलेले उत्तर धरणे, कालवे किंवा शुद्धीकरण यंत्रे यांच्याशी संबंधित नव्हते. लोकांना सहभागी व्हायचे असेल तर आधी त्यांना माहिती मिळाली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. २००६ साली त्यांनी बीजिंगमध्ये एक छोटी संस्था काढली : इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक अँड एन्व्हायर्नमेंटल अफेअर्स, संक्षेपाने आयपीई. त्याच वर्षी चीनच्या जलप्रदूषणाचा नकाशा इंटरनेटवर सर्वांसाठी खुला झाला, आणि पाठोपाठ हवेच्या प्रदूषणाचाही.

या नकाशामागची माहिती आली कुठून, हा पहिला प्रश्न. ती गुप्त नव्हती. मर्यादेबाहेर सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्यांची नावे जाहीर करण्याची तरतूद चीनच्या कायद्यांत २००० नंतरच्या दशकाच्या सुरुवातीपासूनच होती. एखाद्या प्रांताच्या पर्यावरण खात्याने दोषी कारखान्यांची यादी स्थानिक वर्तमानपत्रात छापलेली असे, एखाद्या शहराच्या कार्यालयाने दंडाचा आदेश आपल्या संकेतस्थळाच्या कोपऱ्यात टाकलेला असे. पण त्या नोंदी एकत्र कुठेच नव्हत्या. आपल्याकडे प्रत्येक गावचा सातबारा तलाठ्याच्या दप्तरात व्यवस्थित असावा, पण एकाच माणसाच्या नावावर साऱ्या जिल्ह्यात मिळून किती जमीन आहे हे मात्र कुणालाच सांगता येऊ नये, तशी ही अवस्था होती. आयपीईच्या मोजक्या कार्यकर्त्यांनी हे कागद एकेक करून गोळा केले, कारखान्याच्या नावाने लावले आणि नकाशावर त्या त्या जागी बसवले.

अशा एका नोंदीत काय असते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. कारखान्याचे नाव आणि ठिकाण. उल्लंघन कोणत्या वर्षी झाले. कोणत्या सरकारी कार्यालयाने ते नोंदवले. नेमका दोष कोणता, म्हणजे सांडपाण्यातील घटक मर्यादेपेक्षा जास्त होते, शुद्धीकरण यंत्रणा बंद ठेवली होती, की परवानगीशिवाय वेगळाच नळ काढून दिला होता. आणि मूळ सरकारी कागद. या शेवटच्या रकान्याचे महत्त्व फार मोठे आहे. आयपीई स्वतःचे मत नोंदवत नाही, स्वतःचे मोजमापही टाकत नाही. कारखान्याचा मालक चिडून आला तर संस्थेला एवढेच म्हणावे लागते की, हे तुमच्याच शहराच्या पर्यावरण कार्यालयाचे म्हणणे आहे, ते चुकीचे असेल तर त्यांच्याकडून दुरुस्त करून आणा. ज्या देशात स्वयंसेवी संस्थांना सरकारच्या मर्जीबाहेर फार पुढे जाता येत नाही, तिथे हे काम तगले त्याचे एक मोठे कारण मला या शिस्तीत दिसते. दुसरे कारण असे की, केंद्रातल्या पर्यावरण खात्यालाही स्थानिक पातळीवर नेमके काय चालले आहे हे उघड व्हायला हवे होते.

स्थानिक पातळीवरची अडचण समजल्याशिवाय पुढचे सगळे कळणार नाही. शहराच्या पर्यावरण कार्यालयाचा पगार, नेमणुका आणि अंदाजपत्रक त्या काळी शहराच्या प्रशासनाच्या हाती असे. त्या प्रशासनातल्या अधिकाऱ्यांची बढती कशावर ठरायची, तर शहराचे उत्पादन किती वाढले त्यावर. जो कारखाना शहराला सर्वाधिक कर देतो, त्याच्यावर त्याच शहराच्या कार्यालयाने कडक कारवाई करावी अशी ही अपेक्षा होती. दुसऱ्या बाजूने, दंड इतका किरकोळ होता की शुद्धीकरण यंत्रणा रोज चालवण्याच्या खर्चापेक्षा अधूनमधून दंड भरणे स्वस्त पडे. कायदा पाळणारा तोट्यात आणि मोडणारा फायद्यात, असा हा हिशेब. या परिस्थितीत नुसती नावे प्रसिद्ध केल्याने काय साधणार होते? एखाद्या आडगावच्या रंगाई कारखान्याचे नाव बीजिंगच्या संकेतस्थळावर आले, तर त्याला कुणाची भीती वाटणार?

इथे मा जुन यांनी जी दिशा घेतली, तीच या साऱ्या कामाचा प्राण आहे. कारखान्याला कुणाची भीती वाटते, असा प्रश्न त्यांनी घेतला, आणि उत्तर होते : त्याच्या गिऱ्हाइकाची. चीनमधील असंख्य कारखाने मोठ्या कंपन्यांसाठी माल बनवतात. त्या कंपन्या आपल्या वार्षिक अहवालांत पर्यावरणाच्या मोठमोठ्या प्रतिज्ञा करतात, आणि त्यांच्या खरेदी विभागाने एक ऑर्डर थांबवली तर कारखान्याला होणारे नुकसान सरकारी दंडाच्या कितीतरी पट असते. म्हणून २००७ साली वीसहून अधिक चिनी पर्यावरण संस्थांनी मिळून 'ग्रीन चॉइस अलायन्स' नावाची आघाडी केली. तिची मागणी साधी होती. कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांची यादी घ्यावी, ती या नकाशावरच्या नोंदींशी ताडून पाहावी, आणि ज्यांची नावे दोन्हीकडे आढळतील त्यांना जाब विचारावा. वॉलमार्ट, नायकी, जनरल इलेक्ट्रिक यांसारख्या कंपन्यांनी ही पद्धत तुलनेने लवकर स्वीकारली. त्याआधी अनेक कंपन्यांचे उत्तर ठरलेले असे की, इतक्या लांबच्या पुरवठादारांवर आम्ही लक्ष कसे ठेवणार? आता ते उत्तर देता येईना, कारण लक्ष ठेवायला लागणारी माहिती फुकट आणि एका शोधाच्या अंतरावर होती.

अॅपलचे प्रकरण सर्वांत जास्त गाजले. २०१० साली या संस्थांनी माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील २९ ब्रँडना पत्रे पाठवली आणि त्यांच्या पुरवठादारांकडून होणाऱ्या जड धातूंच्या प्रदूषणाबद्दल विचारणा केली. इलेक्ट्रॉनिक्समधली सर्किटची पाटी तयार करताना तांबे, निकेल यांसारख्या धातूंचे मुलामे चढवावे लागतात आणि ते धुतलेले पाणी नीट शुद्ध केले नाही तर धातू नदीच्या गाळात जाऊन बसतात. जानेवारी २०११ च्या अहवालात प्रतिसादाच्या बाबतीत अॅपलचा क्रमांक २९ पैकी शेवटचा लागला. पुरवठादारांची नावे उघड न करण्याचे आपले जुने धोरण आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. याच काळात सुझोऊ येथील एका पुरवठादार कारखान्यात मोबाइलचे पडदे (स्क्रीन) पुसण्यासाठी एन-हेक्झेन हे रसायन वापरल्यामुळे मज्जातंतूंचा विकार झालेल्या कामगारांची हकिगत पुढे आली; अशा १३७ कामगारांना बाधा झाल्याचे अॅपलने फेब्रुवारी २०११ मध्ये मान्य केले. ऑगस्ट २०११ मध्ये दुसरा अहवाल आला. त्यात अॅपलचे पुरवठादार असल्याचा संशय असलेल्या २७ कारखान्यांचे पर्यावरणविषयक दोष मांडले होते. यानंतर कंपनी संस्थांशी बोलायला तयार झाली, आणि जानेवारी २०१२ मध्ये तिने आपल्या १५६ पुरवठादारांची यादी प्रथमच प्रसिद्ध केली.

दुसऱ्या अहवालातला 'संशय' हा शब्द लक्षात घ्यावा. सरकारी नोंदीत कारखान्याचे नाव असते, पण तो कुणासाठी माल बनवतो हे नसते. ही जोडणी करण्यासाठी कार्यकर्त्यांना शेअर बाजारातील कागदपत्रे, कारखान्यांच्या स्वतःच्या जाहिराती, नोकरभरतीच्या सूचना असे सारे चाळावे लागते. सार्वजनिक माहितीवर काम करणे म्हणजे तयार तक्ता उतरवून घेणे, असा एक गैरसमज असतो. खरे कष्ट दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या, एकमेकांचा उल्लेखही नसलेल्या माहितीचे टोक जुळवण्यात आहेत, आणि त्यात चूक झाली तर संस्थेची सारी विश्वासार्हता जाते.

एकदा नाव यादीत आल्यावर ते काढून टाकण्याचीही रीत ठरलेली आहे. कारखान्याने आधी जाहीर खुलासा द्यायचा : दोष काय होता, का झाला आणि आता काय दुरुस्ती केली. नाव काढायचे असेल तर त्रयस्थ तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यायची, आणि ती स्थानिक पर्यावरण संस्थांच्या देखरेखीखाली व्हायची. ही सोय नसती, तर यादी नुसती बदनामीची झाली असती आणि सुधारलेल्या कारखान्याला सुधारण्याचे कोणतेच फळ मिळाले नसते. मा जुन यांना २०१२ साली गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला तोवर नोंदवलेली उल्लंघने ९० हजारांवर गेली होती, आणि ५०० हून अधिक कंपन्यांनी आपल्या सुधारणांची माहिती जाहीर केली होती. त्याआधी २००९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कारही मिळाला होता.

कापड उद्योगात हे काम अधिक अवघड गेले, आणि ते का हे समजून घेतल्यास पुरवठा साखळीची खरी गुंतागुंत कळते. ब्रँड तयार कपडे विकत घेतो. ते शिवणारा कारखाना जवळपास कोरडा असतो; तिथे सांडपाणी फारसे निघतच नाही. पाणी नासते ते त्याआधी, कापड धुताना, रंगवताना आणि छपाई करताना. चीनमध्ये या कामाची मोठी केंद्रे आहेत. झेजियांग प्रांतातील शाओशिंग हे त्यांतले एक. शिवणारा कारखाना कापड व्यापाऱ्याकडून घेतो, व्यापारी ते रंगाई कारखान्याकडून घेतो, आणि ब्रँड म्हणतो की रंगाई कारखान्याशी आमचा व्यवहारच नाही. कागदोपत्री ते खरे असते. २०१२ साली या आघाडीने कापड उद्योगातील ब्रँडवर अहवाल काढले, तेव्हा मागणी हीच होती की, तपासणी शिलाईच्या टप्प्यावर न थांबवता ज्या टप्प्यावर पाणी वापरले जाते तिथपर्यंत न्यावी. काही ब्रँड तिथवर गेले, काहींनी पत्रांना उत्तरही दिले नाही. हा फरक लोकांना दिसावा म्हणून २०१४ साली आयपीई आणि अमेरिकेतील नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या संस्थांनी मिळून ब्रँडना गुण देण्याची आणि क्रमवारी लावण्याची पद्धत सुरू केली.

माहिती उघड करून प्रदूषण रोखण्याच्या या कल्पनेची मुळे आपल्या देशातील एका मोठ्या दुर्घटनेपर्यंत जातात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. कारखान्याच्या कुंपणालगत राहणाऱ्या माणसांना आत काय साठवले आहे आणि ते सुटले तर काय करावे, यातले काहीच माहीत नव्हते. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियामध्ये त्याच कंपनीच्या कारखान्यातून विषारी वायू गळला आणि शंभरावर लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. मग १९८६ साली अमेरिकेने कायदा केला की, कारखान्यांनी ठरावीक विषारी रसायने हवा, पाणी आणि जमिनीत किती सोडली याचा हिशेब दरवर्षी जाहीर करावा. त्या कायद्याने सोडण्याच्या प्रमाणावर नवी बंदी घातली नव्हती. फक्त आकडा सांगणे बंधनकारक केले होते. तरीही, पहिले आकडे प्रसिद्ध व्हायच्या आधीच, मोन्सँटो या रसायन कंपनीच्या प्रमुखांनी १९८८ साली जाहीर केले की, आम्ही हवेतले विषारी उत्सर्जन १९९२ पर्यंत ९० टक्क्यांनी कमी करू. भोपाळच्या माणसांना स्वतःला मात्र या कायद्याचा काही उपयोग झाला नाही, ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

चीनमध्ये कायद्याचा आधार मिळाला १ मे २००८ रोजी. सरकारी माहिती खुली करण्याचे नियम आणि पर्यावरणविषयक माहिती उघड करण्याचे नियम त्या एकाच दिवशी अमलात आले. आयपीईने लगेच ११३ शहरांची परीक्षा घेतली. शहर किती प्रदूषित आहे हे न पाहता, शहराचे प्रशासन प्रदूषणाबद्दल किती सांगते यावर १०० पैकी गुण दिले. पहिल्या वर्षी सरासरी ३० च्या आसपास होती आणि ६० च्या वर फक्त चार शहरे गेली. त्यांत निंगबो हे शहर होते, जे मोठे बंदर आहे आणि तेलशुद्धीकरणासाठी ओळखले जाते. जिथे कारखाने जास्त तिथे माहिती लपवलीच जाणार, ही समजूत त्यामुळे खोटी ठरली. मागे पडलेल्या शहरांना 'आमच्याकडे उद्योग आहेत, आम्हाला हे परवडणार नाही' असे म्हणायची सोय राहिली नाही.

आतापर्यंत सांगितले ते सगळे झाले उल्लंघनांच्या नोंदींबद्दल. या नोंदीला कायदेशीर वजन असते, पण ती उशिरा येते. तपासणी, अहवाल, आदेश आणि प्रसिद्धी या टप्प्यांत महिने जातात. दुसऱ्या प्रकारची माहिती म्हणजे प्रत्यक्ष उत्सर्जनाची मोजणी, आणि तिथे २०१४ साली मोठा बदल झाला. जानेवारी २०१३ मध्ये बीजिंग आणि उत्तर चीन दाट धुरक्याखाली गुदमरला होता, लोकांचा रोष वाढला होता. १ जानेवारी २०१४ पासून केंद्राच्या यादीतील सुमारे १५ हजार मोठ्या कारखान्यांनी आपल्या स्वयंचलित यंत्रांचे आकडे जाहीर करावेत असा नियम आला : धुराड्याच्या धुराचे दर तासाला, सांडपाण्याचे दर दोन तासांनी. आयपीईने हे आकडे मोबाइलच्या अॅपवर आणले. पुढे हे अॅप 'ब्लू मॅप' या नावाने ओळखले जाऊ लागले. आपल्या घराभोवतीचे कारखाने त्यावर दिसतात आणि मर्यादा ओलांडणारा कारखाना लाल होतो.

शांदोंग प्रांतात याचा परिणाम सर्वांत आधी दिसला. कार्यकर्ते लाल झालेल्या कारखान्याचे चित्र घेऊन ते वेइबो या समाजमाध्यमावर टाकत आणि त्याच संदेशात त्या शहराच्या पर्यावरण कार्यालयाच्या अधिकृत खात्याचा उल्लेख करत. सगळ्यांसमोर विचारलेल्या प्रश्नाला सगळ्यांसमोर उत्तर द्यावे लागे, आणि कार्यालये खरोखर उत्तरे देऊ लागली : यंत्र नादुरुस्त होते, अमुक तारखेपर्यंत दुरुस्ती होईल, कारखान्याला नोटीस दिली आहे. फेब्रुवारी २०१५ च्या अखेरीस एका माजी दूरचित्रवाणी पत्रकार महिलेने धुरक्यावर केलेला माहितीपट इंटरनेटवर आला आणि कोट्यवधी लोकांनी पाहिला; त्यात या अॅपचाही उल्लेख होता. थोड्याच दिवसांत तो माहितीपट चिनी संकेतस्थळांवरून काढून टाकण्यात आला. अॅप मात्र चालू राहिले. त्याच वर्षी सुधारित पर्यावरण संरक्षण कायदा लागू झाला होता आणि त्यात उल्लंघन सुरू असेपर्यंत रोजच्या रोज दंड वाढत जाण्याची तरतूद होती. 'दंड भरणे स्वस्त' हा जुना हिशेब तिने बराचसा मोडला.

यंत्राचा आकडा म्हणजे खरा आकडा, असे मात्र धरून चालत नाही. ही यंत्रे बहुधा कारखान्याच्या खर्चाने आणि कारखान्याच्याच आवारात बसवलेली असतात. सांडपाण्याचे एक प्रमुख माप म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणी, ज्याला सीओडी म्हणतात. पाण्यातला मैला आणि रसायने यांचे रासायनिक विघटन होण्यासाठी किती ऑक्सिजन लागेल, हे त्यातून कळते. खऱ्या कारखान्यात हा आकडा सतत खालीवर होतो, कारण पाळ्या बदलतात, रंगाचे घाणे (खेपा) बदलतात, पाऊस पडतो. एखाद्या कारखान्याची रेषा दिवसेंदिवस सरळ आडवी चालली असेल, तर अनुभवी कार्यकर्ता मर्यादा ओलांडणाऱ्या कारखान्याइतकेच लक्ष त्या सरळ रेषेकडे देतो. यंत्र बंद पडले आहे, किंवा त्याला वेगळ्या भांड्यातले स्वच्छ पाणी पाजले जात आहे, या दोन्ही शक्यता तिथे तपासाव्या लागतात.

खोटेपणा केवळ कारखानेच करतात असेही नाही. २०१६ साली शिआन शहरात उघडकीस आले की, हवा मोजणाऱ्या सरकारी केंद्रातील यंत्राच्या हवा आत घेणाऱ्या तोंडात कापसाच्या धाग्याचा बोळा कोंबला जात होता. धाग्यात धूळ अडकली की आत गाळलेली हवा जाई आणि शहराचा आकडा चांगला दिसे. हे करणारे स्थानिक पर्यावरण कार्यालयाचेच लोक होते, आणि २०१७ साली न्यायालयाने त्यांना तुरुंगवासाची शिक्षा दिली. आकड्यांना महत्त्व आले की आकडे बिघडवण्याचा मोह वाढतो, म्हणून चीनमध्ये अशी फेरफार हा आता फौजदारी गुन्हा मानला जातो. दुसरी मर्यादा राजकीय आहे. २०१३ साली एका वकिलाने देशभरातील मातीच्या प्रदूषणाच्या सर्वेक्षणाची माहिती मागितली तेव्हा ती राष्ट्रीय गुपित असल्याचे उत्तर मिळाले. लोकांनी आवाज उठवल्यावर एप्रिल २०१४ मध्ये सारांश प्रसिद्ध झाला आणि त्यातून कळले की, तपासलेल्या ठिकाणांपैकी १६.१ टक्के ठिकाणी माती मर्यादेपेक्षा जास्त दूषित आहे. कोणती ठिकाणे, हे त्यात नव्हते. ज्या शेतकऱ्याला आपल्या शेतातल्या तांदळात कॅडमियम हा विषारी धातू आहे का हे जाणून घ्यायचे आहे, त्याला देशाची टक्केवारी पुरत नाही.

महाराष्ट्रात याचा विचार करताना आपल्या हाती काय आहे ते नीट पाहिले पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या औद्योगिक क्षेत्रांच्या मूल्यमापनात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले आणि ते देशात सर्वांत वर, म्हणजे सर्वांत वाईट ठरले. अतिप्रदूषणकारी १७ प्रकारच्या उद्योगांनी सतत मोजणी करणारी यंत्रे बसवावीत असा आदेश केंद्रीय मंडळाने २०१४ सालीच दिला होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांना हे आकडे आपल्या संकेतस्थळांवर लोकांसाठी खुले करण्यास सांगितले. त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने धुराड्यातील कणांच्या मोजणीवरून कारखान्यांना एक ते पाच तारे देण्याची योजना सुरू केली. शिवाय आपल्याकडे २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे, जो मागण्याचा हक्क चिनी नियमांपेक्षा कितीतरी स्पष्ट शब्दांत देतो.

तेव्हा, माझ्या मते, आपल्याकडे कायद्यापेक्षा जोडणीची उणीव मोठी आहे. मंडळ कारखान्याला जे संमतीपत्र देते, त्यात त्या कारखान्याने रोज किती सांडपाणी सोडावे आणि त्यात कोणता घटक किती असावा, हे लिहिलेले असते. मंडळाच्या प्रयोगशाळेचे नमुना अहवाल वेगळ्या ठिकाणी असतात, कारणे दाखवा नोटिसा आणि बंदचे आदेश आणखी वेगळ्या फायलीत. हे तीन कागद एका कारखान्याच्या नावाखाली, वर्षावार लावले तरच मर्यादा किती, सोडले किती आणि कारवाई काय झाली, हे एका नजरेत दिसते. आणि चौथा कागद म्हणजे गिऱ्हाइकाचा. तारापूर, लोटे परशुराम, कुरकुंभ इथल्या रसायन कारखान्यांचे उत्पादन पुढे कुठे जाते आणि ते विकत घेणाऱ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांबद्दल काय काय लिहून दिले आहे, हे शोधायला शेअर बाजाराला दिलेली कागदपत्रे आणि कंपन्यांचे अहवाल उपलब्ध आहेत.

नदीकाठच्या गावातल्या मच्छीमार सोसायटीने किंवा महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाने एकाच औद्योगिक वसाहतीपुरते हे काम हाती घेतले, तरी सुरुवात होईल. संमतीपत्रापासून आरंभ करावा. नमुना अहवाल संकेतस्थळावर नसतील तर माहिती अधिकारात मागावेत. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. व्यापारी गुपिताचे कारण पुढे करून नकार मिळाला, तर अपील करताना लक्षात ठेवावे की, व्यापक जनहित असेल तिथे तीही माहिती देता येते असे कलम ८ मध्ये म्हटले आहे. याच कायद्याच्या कलम २ मध्ये माहितीच्या अधिकाराची जी व्याख्या आहे, तिच्यात कागदपत्रांच्या प्रतींबरोबर सार्वजनिक प्राधिकरणाच्या ताब्यातील सामग्रीचे प्रमाणित नमुने घेण्याचाही समावेश आहे. त्यामुळे मागणी अर्जातच नमुन्याची तारीख, वेळ, नमुना घेतल्याचे नेमके ठिकाण आणि पृथक्करणाचा मूळ अहवाल असे चारही तपशील वेगवेगळे लिहून मागावेत. ठिकाण कळल्याशिवाय तो नमुना शुद्धीकरण यंत्रणेच्या आधीचा होता की नंतरचा हे ठरत नाही, आणि पुढे खरेदीदार कंपनीला पत्र लिहिताना ती पहिला प्रश्न तोच विचारते.